झर्क्सीस म्हणायचं की क्षयार्ष, आणि शेवटच्या त्या 'शा'चं काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मराठी पॉडकास्टसाठी सलामिसच्या लढाईवर (ग्रीक विरुद्ध इराणी, समुद्रावरची) एपिसोड करताय, इराणच्या बादशहाचं नाव एका पुस्तकात झर्क्सीस, दुसऱ्यात क्षयार्ष, नेटवर कुठेतरी खशायारशा, यातलं बरोबर कोणतं आणि बोलायचं कसं. शिवाय स्क्रिप्टमध्ये तुम्ही तीन वाक्यं घातलीयत: क्षयार्ष म्हणजे क्षय अधिक आर्ष, म्हणजे 'ऋषींचा नाश करणारा', शेवटचा शा म्हणजे शाह, आणि त्याचा मुलगा आर्टाझर्क्सीस म्हणजे 'छोटा झर्क्सीस'. मी जुनी फारसी आणि अवेस्ता (पारशांचा धर्मग्रंथ) शिकवते, पंचवीसेक वर्षं झाली, त्यामुळे सरळ सांगते, तिन्ही वाक्यं चुकीची आहेत, पण वाईट वाटून घेऊ नका कारण तिन्ही चुका माझ्या वर्गात दरवर्षी कोणीतरी करतंच, आणि पहिली चूक तर मी स्वतः केलेली आहे.

आधी उच्चार, कारण रेकॉर्डिंग तुमच्या डोक्यावर आहे. हा राजा दारियसचा मुलगा, आई आतोसा म्हणजे सायरसची लेक, गादीवर आला इ.स.पू. ४८६ ला आणि इ.स.पू. ४६५ मध्ये राजवाड्यातच त्याचा खून झाला. तो स्वतः स्वतःला काय म्हणायचा हे आपल्याला माहितीय कारण दगडावर कोरलेलं आहे. देवनागरीत जवळात जवळ लिहायचं तर ख़्शयार्शा. पहिला ख़ हा आपला खटाऱ्यातला ख नाही, 'ख़बर' किंवा 'ख़ुदा' एखादा उर्दूवाला म्हणतो तसा घसा किंचित खरवडून काढायचा. त्याला लगेच श चिकटवायचा, मध्ये अ येऊ द्यायचा नाही, मग या लांब, र् पायमोडका आणि शेवटी लांब शा. ख़्श-यार्-शा. जमत नसेल तर एक युक्ती सांगते, आधी नुसतं 'शयार्शा' म्हणा पाच-सहा वेळा, आणि मग सुरुवातीला हलकासा खाकरा जोडा. हसू नका, वर्गात असंच शिकवते आणि चालतं.

आता झर्क्सीस कुठून आला. ग्रीकांना ख़्श म्हणता येईना, त्यांच्याकडे जवळचं काय तर क्स, त्यासाठी एक अख्खं अक्षर होतं, म्हणून त्यांनी केलं क्सेर्क्सेस. दोन्हीकडे क्स, मूळ नावात दुसऱ्या जागी नुसता र्श आहे पण ग्रीक कानाला तो क्स वाटला म्हणा किंवा पहिल्याच्या ओढीने झाला म्हणा. आणि शेवटचा स तर नावाचा भागच नाही, तो ग्रीकांचा प्रथमेचा प्रत्यय, आपल्या 'रामः' मधल्या विसर्गासारखा. मग ते लॅटिनमधून इंग्रजीत गेलं आणि इंग्रजांना शब्दाच्या सुरुवातीचा क्स जमत नाही, ते त्याचा झ करतात, झायलोफोनमध्ये करतात तसा. म्हणून झर्क्सीज. जर्मन माणूस अजून क्सेर्क्सेस म्हणतो, इटालियन सेर्से. म्हणजे त्या पहिल्या अक्षराचं प्रत्येकाने आपल्या सोयीने काय ते केलंय. आपल्याकडे गोव्यात रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी वाचणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, तिथे एक्स लिहिला की श वाचायचा, शांती एक्सने सुरू होते, आणि तोच एक्स इंग्रजी शाळेत झेवियरचा झ होतो. गंमत अशी की त्या गोवेकर माणसाने हे नाव रोमीच्या सवयीने वाचलं तर सुरुवातीला तो इंग्रजांपेक्षा दारियसच्या मुलाच्या जास्त जवळ पोचेल.

आणि खशायारशा हे आजचं इराणी रूप. आधुनिक फारसीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही म्हणून ख़ आणि शच्या मध्ये अ घुसला. उत्तरेत स्कूलचं इस्कूल किंवा सकूल होतं त्यातलाच प्रकार. हा त्रास जुन्या शेजाऱ्यांनाही होता, एलामी भाषेत त्याचं झालं इक्शेर्शा, बाबिलोनी लेखनिकांनी तर ख़िशियार्शू, अख़्शियार्शू अशी जमेल तशी स्पेलिंगं केलीयत, एकाच माणसाची, त्याच्याच हयातीत. हिब्रूत अहश्वेरोश. हे शेवटचं नाव मराठी वाचकांनी कदाचित पाहिलेलं असेल, मराठी बायबलमध्ये एस्तेरच्या पुस्तकात जो अहश्वेरोश राजा आहे, हिंदुस्थानापासून कूश देशापर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करणारा, ते हेच नाव. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पुरीमच्या सणाला हेच पुस्तक वाचतात, आणि पुरीमला त्यांच्यात मराठीत 'होळीचा सण' म्हणायची पद्धत होती. म्हणजे तुम्ही झर्क्सीस की क्षयार्ष करत बसलाय आणि रायगड जिल्ह्यातल्या मराठी घरांमध्ये तो पिढ्यानपिढ्या अहश्वेरोश म्हणून येऊन जातोय.

आता अर्थाकडे येते, माझ्या आवडीचा भाग आहे, लांबेल.

नावाचे दोन तुकडे. पहिला ख़्शय, दुसरा अर्शन्. जवळ आले की अ अधिक अ मिळून आ, आपला साधा सवर्णदीर्घ संधी, ख़्शयार्शन्, आणि प्रथमेला ख़्शयार्शा, जसं राजन् चं राजा होतं अगदी तसंच, न् गळतो आणि आ लांब होतो. संस्कृतच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो, कारण परकी वाटणारी भाषा एकदम मावसबहीण निघते. (काही अभ्यासक दुसऱ्या तुकड्यात अर् च्या जागी ऋ धरतात, तुमच्या एपिसोडला त्याने फरक पडत नाही.)

अर्शन् म्हणजे नर, मर्द, वीर. अवेस्तात हा शब्द आहे, ग्रीकमध्ये आर्सेन म्हणजे नर, आणि आपल्याकडे याच घराण्यातला ऋषभ, म्हणजे बैल, वळू. ऋषींशी काडीचा संबंध नाही. 'आर्ष' हे मराठीकरण करताना कोणीतरी क्षयार्षा चा शेवटचा आ उडवला आणि ते आर्ष सारखं दिसायला लागलं, बस.

ख़्शय वर मात्र नीट थांबावं लागेल. मराठी माणसाला क्षय म्हटलं की टीबी आठवतो नाहीतर ऱ्हास. मी पण पहिल्यांदा हे नाव वाचलं तेव्हा 'वीरांचा क्षय करणारा' असंच मनात धरलं होतं आणि किती जोरदार नाव आहे म्हणून खूशही झाले होते. पण संस्कृतात क्षि हे एकच धातुरूप नाही. एक क्षि नाश होण्याचा, एक वस्ती करण्याचा, आणि एक क्षयति म्हणजे सत्ता चालवतो, मालकी गाजवतो. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, तर क्षयति हे क्रियापद राजति च्या पंगतीत बसवलंय, ऐश्वर्य म्हणजे प्रभुत्व या अर्थाने. जुन्या फारसीतला ख़्शय तो हा. तेव्हा पूर्ण नाव झालं 'वीरांवर राज्य करणारा'.

याचा पुरावा मला पुस्तकात नंतर सापडला, आधी एका विद्यार्थ्याने दिला. त्याचे वडील भिक्षुकी करायचे, घरात रुद्र पाठ. मी फळ्यावर नावाची फोड लिहिली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, बाई, हे आमच्या रुद्रात आहे. आणि त्याने म्हणून दाखवलं, 'इमां रुद्राय तवसे कपर्दिने क्षयद्वीराय प्रभरामहे मतिम्'. क्षयद्वीर! ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या ११४ व्या सूक्तात रुद्राचं हे विशेषण आहे, आणि तैत्तिरीय संहितेतून ते रुद्राच्या दहाव्या अनुवाकात आलंय. क्षयत् अधिक वीर, वीरांवर सत्ता असलेला. दुसरा शब्द वेगळा पण नावाची बांधणी आणि अर्थ तोच. म्हणजे महाराष्ट्रात श्रावणी सोमवारी अभिषेक चालू असतो तेव्हा जे विशेषण कानावर पडतं ते आणि इराणच्या बादशहाचं नाव ही एकाच साच्यातली. त्या विशेषणाचाही 'वीरांचा संहार करणारा' असा अर्थ लावणारे भेटतात, आणि रुद्र म्हटल्यावर तो शोभतोही, त्यामुळे तुम्ही चुकलात यात नवल नाही. त्या दिवशी मी पुढचं काही शिकवलं नाही, उरलेला तास त्या मुलाकडून रुद्र म्हणून घेतला.

आता शेवटच्या 'शा'चं. हा गैरसमज इराण्यांनाही आहे, तुम्ही एकटे नाही. पुण्यात एके काळी इराणी विद्यार्थी भरपूर असायचे, त्यातला एक माझ्याकडे यायचा, तो ठामपणे म्हणायचा की नाव ख़शायार आणि पुढे शाह, जसं अमुक शाह तमुक शाह. आणि खरंच आज इराणमध्ये ख़शायार हे मुलाचं नाव म्हणून नुसतं ठेवतात, पाठीमागचं शा तोडून. पण फोड ख़्शय + अर्शा अशी आहे, ख़शायार + शा अशी नाहीच, तुम्ही तोडलंत तर अर्शन् चे दोन तुकडे होतात, जसं कोणी 'रामेश्वर' चं 'रामेश' आणि 'वर' करावं. हा घोळ का झाला त्याला कारण आहे. इराणची स्वतःची आठवण या राजाला विसरून गेली होती. शाहनाम्यात, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्यात, जमशेद आहे, रुस्तुम आहे, दारा आहे, पण हा नाही. त्याचं मूळ रूप इराणात परत आलं ते एकोणिसाव्या शतकात कीलाक्षरं (शिलालेखांची खिळ्यांसारख्या खुणांची लिपी) वाचली गेल्यावर, म्हणजे नाव घरचंच पण आलं बाहेरून, आणि मग लोकांनी ते ओळखीच्या शब्दांत बसवून घेतलं.

पण, आणि हे मला फार आवडतं, शाह त्या नावात आहेच. फक्त शेपटाला नाही, डोक्याला आहे. राजा या अर्थी जुन्या फारसीत शब्द आहे ख़्शायथिय (थ इंग्रजी थिंक मधला), तोही याच ख़्शय पासून. तो झिजत झिजत झाला शाह. त्यातूनच शाहंशाह, पादशाह, आपला पातशहा, पातशाही. शापूर हे पारशी नाव घ्या, शापूरजी म्हणतो आपण, ते म्हणजे ख़्शायथिय अधिक पुत्र, चक्क राजपुत्र. शहाजी राजांचं नाव अहमदनगरच्या शाह शरीफ पीराच्या नवसावरून ठेवलं असं परंपरेनं सांगतात, तर तोही शहा तिथूनच निघालेला. याच कुळातला दुसरा शब्द ख़्शथ्र, म्हणजे राज्य, संस्कृतात क्षत्र, त्याचं झालं शहर, आधी अर्थ राज्य होता, मग आक्रसून नगर झालं. आणि राज्य सांभाळणारा तो ख़्शथ्रपा, ग्रीकांचा सात्राप, आपला क्षत्रप. नाशिकला पांडवलेण्यांत दहा नंबरच्या लेण्यातला लेख सुरू होतो 'सिद्धं राज्ञः क्षहरातस्य क्षत्रपस्य नहपानस्य जामात्रा' असा, नहपानाचा जावई उषवदात दान देतोय. शकांबरोबर हा इराणी हुद्दा थेट गोदावरीकाठी आलेला, झर्क्सीसच्या नंतर पाच-सहाशे वर्षांनी. छत्रपती मधलं छत्र मात्र यातलं नाही हं, ते छत्री-छत्रातलं छत्र, त्याची ओढाताण करून व्हॉट्सअॅपवर पाठवू नका.

अजून एक द्यायचा मोह आवरत नाही. त्याचे शिलालेख साधारण असे सुरू होतात, 'अदम् ख़्शयार्शा, ख़्शायथिय वज़्रक, ख़्शायथिय ख़्शायथियानाम्'. अदम् म्हणजे अहम्. मी ख़्शयार्शा, थोर राजा, राजांचा राजा. शेवटचं आनाम् तर आपलं 'देवानाम्' मधलंच. आणि वज़्रक म्हणजे थोर, मोठा. हा शब्द मधल्या काळात वुज़ुर्ग झाला, मग बुज़ुर्ग, आणि मराठी मुलखात गावाच्या पाटीवर चढून झाला बुद्रुक. आंबेगाव बुद्रुक, वडगाव बुद्रुक, तेच बुद्रुक. धाकटं गाव ते खुर्द, थोरलं ते बुद्रुक. तेव्हा पुण्यातून सिंहगडाकडे जाताना बादशहाची पदवी बसच्या बोर्डावर दिसते, आणि मी वर्गात 'शहा बुद्रुक' असं भाषांतर करून दाखवते, मुलं विसरत नाहीत.

आता हे सगळं कळलं कसं, कारण तुमचा श्रोता विचारेलच की अडीच हजार वर्षांपूर्वीचा उच्चार तुम्हाला कोणी सांगितला. यात मुंबई येते. कार्स्टन नीबुर नावाचा माणूस डेन्मार्कच्या मोहिमेतून निघाला होता, बरोबरचे सगळे वाटेत नाहीतर मुंबईत आजाराने गेले, हा १७६३ मध्ये मुंबईला पोचला, वर्षभर राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापं घेतली, आणि परतताना १७६५ मध्ये पर्सेपोलिसला, या राजांच्या जुन्या राजधानीत, उतरून तिथल्या कीलाक्षरांच्या नीट नकला केल्या. काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं, पण नकला चोख. त्या नकलांवरून १८०२ साली ग्योटिंगनमधल्या ग्रोटेफेंड या शाळामास्तराने डोकं लढवलं. ससानी या इराणच्या नंतरच्या घराण्यातल्या राजांचे लेख तोवर वाचले गेले होते आणि त्यात ठराविक साचा होता, अमुक, थोर राजा, राजांचा राजा, तमुकाचा मुलगा. त्याने धरलं की इथेही तोच साचा असणार. मग त्याला दिसलं की एका लेखातला राजा दुसऱ्या लेखात बाप म्हणून येतो, आणि त्या पहिल्याच्या बापाच्या नावापुढे राजा हा शब्दच नाही. म्हणजे असा राजा शोधायचा ज्याचा मुलगाही राजा, पण बाप राजा नव्हे. सायरस आणि कँबिसिस बाद, कारण त्यांची नावं एकाच अक्षराने सुरू होतात आणि दगडावर तसं नव्हतं. उरले दारियस, त्याचा बाप हिस्टास्पेस जो राजा नव्हता, आणि मुलगा झर्क्सीस. दारियस आणि झर्क्सीस, दोघांच्या नावात चिन्हंही सात-सात, ख़्शयार्शा मध्ये ख़-श-य-आ-र-श-आ. आणि मुलाच्या नावाची पहिली दोन चिन्हं आणि राजा या शब्दाची पहिली दोन चिन्हं एकच, तेच ख़्श! म्हणजे वर मी जे सांगितलं की शाह त्या नावाच्या डोक्याला आहे, ती गोष्ट दगडावर डोळ्यांनी दिसते. ग्रोटेफेंडने नाव वाचलं ख़्शहार्शा, एखादं अक्षर इकडे तिकडे, पण जवळ जवळ पोचला गडी. उच्चारांसाठी त्याने अवेस्तातली रूपं वापरली, आणि अवेस्ता युरोपात पोचली होती आंकतिल-दुपेरोंमुळे, जो सुरतेच्या पारशी दस्तुरांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, बसून शिकला होता. नंतर १८२३ मध्ये पॅरिसमधल्या एका दगडी बरणीवर तेच नाव कीलाक्षरांत आणि इजिप्तच्या चित्रलिपीत शेजारी शेजारी मिळालं, चित्रलिपीची बाजू ती लिपी उलगडणाऱ्या शांपोलियोंने वाचली, दोन्ही जुळल्या, आणि वाद मिटला.

तेव्हा एपिसोडमध्ये काय म्हणायचं? माझं मत विचाराल तर झर्क्सीस ठेवा. सलामिसची गोष्ट, ती इ.स.पू. ४८० ची मोहीम, समुद्राला फटके मारायला लावल्याची ती कथा, त्याच्या सैन्यात कापसाचे कपडे घालून बोरूच्या धनुष्यांसह आलेले हिंदी सैनिक, हे सगळं आपल्याला हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराकडून मिळालेलं आहे, ग्रीक गोष्टीत ग्रीक नाव शोभतं. मुंबईच्या पारशांतही हे नाव झर्क्सीस म्हणूनच चालतं, टायटनचे झर्क्सीस देसाई आठवा. सायरस, दारायस, झर्क्सीस ही पारशी नावं इंग्रजीच्या वाटेने परत आलेली, तर जमशेद, खुस्रो, दारा ही घरच्या परंपरेतून टिकलेली, नीट ऐकलंत तर एकाच कुटुंबात दोन्ही वाटा सापडतात. मात्र जिथे राजा स्वतः बोलतो, शिलालेख वाचून दाखवताय, तिथे ख़्शयार्शा म्हणा, एकदाच म्हणा पण नीट म्हणा. क्षयार्षा लिहायला हरकत नाही, ते संस्कृतच्या अंगाने केलेलं प्रामाणिक रूप आहे, फक्त शेवटचा आ कापू नका आणि श्रोत्यांना टीबी आठवू देऊ नका.

राहिला आर्टाझर्क्सीस. मूळ नाव अर्तख़्शस्स, म्हणजे ऋत अधिक क्षत्र, ज्याचं राज्य ऋतावर, सत्यावर उभं आहे असा. त्यात अर्शन् नाहीच. ग्रीकांना दोन्ही सारखी ऐकू आली म्हणून बापाच्या नावाला शेपूट लावल्यासारखं रूप झालं, आणि खुद्द हिरोडोटसने झर्क्सीस म्हणजे लढवय्या आणि आर्टाझर्क्सीस म्हणजे मोठा लढवय्या असं सांगून टाकलं, त्यामुळे 'छोटा झर्क्सीस' तर ग्रीक हिशोबातही बसत नाही. पुढे हेच नाव झिजून अर्दशीर झालं, आपल्याकडचे अर्देशर आणि अर्देशिर तेच, १९३१ चा आलम आरा काढणाऱ्या अर्देशिर इराणींचं नाव तेच. स्क्रिप्टमधलं ते वाक्य खोडा आणि त्या जागी हे घाला, दहा सेकंद जास्त जातील.